शिवलेली गोष्ट

गेल्या आषाढात चार दिवस चिपळूणला आईकडे होते. तिच्या उशाशी वाचनालयाचं एक पुस्तक होतं. पुठ्ठ्याची बांधणी, कण्याला काळं कापड, त्यावर पांढऱ्या रंगात घातलेला नंबर, मूळ मुखपृष्ठ कधीच गेलेलं. आत भयकथा. बाहेर पाऊस असा की अंगणातली तुळस दिसत नव्हती. लाईट सकाळीच गेले होते, फोन जपून वापरायचा होता, म्हणून मी ते पुस्तक उचललं आणि खिडकीशी बसले. पहिल्या दिवशी चार गोष्टी वाचल्या, दुसऱ्या दिवशी दोन. सातवी उघडायला गेले तर पानं उघडेनात. कोकणातल्या पावसाळ्यात पुस्तकं अशी अडतात. दमटपणाने पान पानाला धरून बसतं आणि नखाने हळूच सोडवावं लागतं. तसंच असेल म्हणून कडेने नख फिरवलं, तर नखाला दोरा लागला.

१३१ ते १४४. सात पानं एकमेकांना शिवलेली होती.

कडेपासून बोटभर आत, वरपासून खालपर्यंत धावदोरा. टाके लहान आणि एकसारखे, गोधडीला घालतात तसे. पानं कोणी फाडून नेली असती तर समजलं असतं. वाचनालयाच्या पुस्तकातली पानं फाडणारे लोक असतात, त्यांचा राग येतो आणि जातो. डिंक लावून चिकटवली असती, तर एखाद्या लहान मुलाचा उद्योग म्हणून सोडून दिलं असतं. पण शिवायचं म्हणजे आधी सुईत दोरा ओवायचा. सात पानांतून सुई सहज जात नाही, प्रत्येक टाक्याला ती अंगुस्तानाने मागून दाबावी लागते, नाहीतर बोटात घुसते. कागद फाटणार नाही इतपतच दोरा ओढायचा. शेवटी गाठ मारायची आणि उरलेला दोरा दाताने तोडायचा. या सगळ्याला निदान पाऊण तास लागला असेल. घाबरलेला माणूस पुस्तक मिटतो, लांब ठेवतो, दुसऱ्या दिवशी परत करून येतो. घाबरल्यावर पाऊण तास खाली मान घालून शिवत बसणारं माणूस कोण असेल, हे मला दोन दिवस सुचत नव्हतं. खरं तर सुचत होतं. दर पाचव्या टाक्याला मागे वळून एक टीप घातलेली होती, आणि अशी टीप घालणारं एकच माणूस मला माहीत आहे. आमच्या घरातल्या सगळ्या गोधड्यांवर ती आहे. दोरा सुटला तरी पाच टाक्यांच्या पुढे उसवत नाही, असं आई म्हणते.

पुस्तकाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही अनुक्रमणिका उघडून सातवी गोष्ट कुठली ते बघाल, आणि मग तिच्याबद्दल बोलणं सुरू होईल.

भीतीच्या गोष्टी वाचायला मी याच घरात शिकले. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सात-आठ भावंडं माडीवर ओळीने झोपायचो. मामाच्या ट्रंकेत ‘नवल’चे जुने दिवाळी अंक होते, त्यांना डांबरगोळ्यांचा वास यायचा, आणि अजूनही तो वास आला की माझे कान टवकारतात. मोठा मावसभाऊ कंदिलाशी बसून वाचायचा, बाकीचे ऐकायचे. नारायण धारप आम्हाला तिथेच भेटले. त्यांच्या गोष्टीत आधी बराच वेळ काहीच होत नसे. साधी माणसं, नवी जागा, सामान लावणं, शेजाऱ्यांशी ओळख. भीती स्मशानातून चालत येत नसे. ती घरातच असायची, एखाद्या खोलीत, एखाद्या दारामागे, आणि घरातल्या माणसांना ती जरा उशिरा दिसायची. म्हणून वाचताना काही वाटायचं नाही. वाटायचं ते नंतर, जिना उतरून परसात जायची वेळ आली की. हातात बॅटरी, पायाखाली सुपारीच्या झावळ्या, आणि मागे वळून बघायचं नाही असं ठरवूनही वळलेली मान. दोघं-दोघं जायचो. आत गेलेल्याने सतत बोलत राहायचं, बाहेर थांबलेल्याने ‘हं’ म्हणत राहायचं. ते ‘हं’ एकदा जरी उशिरा आलं तरी पोटात खड्डा पडायचा.

आजीला छापील भीती लागतच नसे. तिच्या भुतांना पत्ते होते. मुंजा पुलापलीकडच्या पिंपळावर. चकवा वेशीबाहेरच्या माळावर, जो रात्रभर माणसाला एकाच जागी फिरवतो आणि उजाडल्यावर सोडतो. गिऱ्हा नदीच्या डोहात. गिऱ्हा आधी हाक मारतो, ओळखीच्या आवाजात, आणि ‘ओ’ दिलीस की पाय धरतो, असं ती सांगायची. पावसाळ्यात आम्ही कोणी नदीकडे फिरकलो नाही ते या एका हाकेच्या भीतीने. मोठी झाल्यावर मला वाटलं, मुलांना पाण्यापासून दूर ठेवायची ही युक्ती होती. आता तसं वाटत नाही. आजी स्वतःसुद्धा संध्याकाळनंतर नदीच्या बाजूने हाक आली तर तिसऱ्या हाकेपर्यंत उत्तर देत नसे. सांगणारीलाच भीती होती, आणि ती तिने आमच्याबरोबर वाटून घेतली होती, जेवणातलं वाटून घ्यावं तशी.

आणि तरी तीच आजी रात्री सापाचं नाव तोंडातून काढू देत नसे. जनावर म्हणायचं. मुलांना फोड आले तर देवी आल्या. बांगडी फुटायची नाही, वाढवायची. दिवा विझायचा नाही, मालवायचा. डब्यातले तांदूळ संपायचे नाहीत, तेही वाढायचे. मंगळसूत्र तुटलं तरी वाढवलं म्हणायचं, आणि दारातून बाहेर पडताना ‘जाते’ म्हटलं की ती हात धरून परत आत घ्यायची आणि ‘येते’ म्हणून घ्यायची. लहानपणी या शब्दांचं काही वाटलं नाही. ते आमचे रोजचे शब्द होते. त्या दोन पावसाळी दिवसांत, ती शिवलेली पानं मांडीवर असताना, पहिल्यांदा जाणवलं की आपण बोलतो ती भाषाच जागोजागी अशी शिवलेली आहे. ज्या शब्दाकडे बघवत नाही त्याच्यावरून कोणीतरी कधीतरी टाका घालून ठेवलाय. आणि तो किती नीट घातलाय, की आपल्याला खालचा शब्द आठवतही नाही. ‘येते’ म्हणताना कोणाच्या मनात ‘जाते’ असतं?

वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. भुतांचा स्वामी म्हणून ज्याच्याकडे बघायचं तो तिथे गावाचा राखणदार आहे. त्याला लोक चामड्याच्या चपला वाहतात. माणसाच्या पायाच्या नव्हेत, त्याच्या मापाच्या, हातभर लांबीच्या, जाड तळव्याच्या. रात्री तो गावाभोवती फिरतो, म्हणून त्या झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. मी गेले तेव्हा एका जोडावर हात ठेवून पाहिला होता. कडेने जाड दोऱ्याची दुहेरी शिवण होती. कोणीतरी मांडी घालून, आरीने भोकं पाडून ती शिवली होती. ज्याची भीती वाटते त्याचे पाय दुखू नयेत म्हणून केलेलं ते हातकाम मला त्या वेळी फार आवडलं होतं, पण का आवडलं ते तेव्हा सांगता आलं नसतं.

तिन्हीसांजेला सुई हातात घेऊ नये, हाही आजीचाच नियम, आणि आई तो पाळते. म्हणजे ती सात पानं भर दुपारी, उजेडात शिवलेली.

मुलांना भीती दाखवावी की नाही यावर माझे आणि माझ्या मैत्रिणींचे वाद होतात. मला रत्नाकर मतकरींचं उदाहरण नेहमी आठवतं. मोठ्यांसाठी ज्यांनी इतक्या गूढकथा लिहिल्या, मनाच्या अगदी तळघरातल्या, त्याच हातांनी मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’ लिहिलं. जुन्या प्रयोगांतली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण आईच्या पिढीला आठवते. २०१८ साली ते नाटक पुन्हा रंगमंचावर आलं, वैभव मांगले चेटकीण झाले, तेव्हा मी माझ्या मुलीला घेऊन गेले. चेटकीण आली की अख्खं नाट्यगृह किंचाळायचं. माझी मुलगी माझ्या दंडात नखं रुतवून बसली होती आणि डोळे मात्र रंगमंचावरून हलत नव्हते. बाहेर आल्यावर तिने विचारलं, पुन्हा कधी? दंडावर नखांचे चार अर्धचंद्र दोन दिवस होते. शेकडो मुलं एकत्र घाबरली होती आणि शेवटी दिवे लागणार हे त्यांतल्या सगळ्यात लहान मुलालाही कुठेतरी माहीत होतं. मतकरी मे २०२० मध्ये गेले. नाट्यगृहं बंद होती, माणसं घरांत होती, आणि दिवे केव्हा लागतील ते कोणालाच माहीत नव्हतं. त्या बातमीने मी बराच वेळ काही न करता बसून राहिले होते.

त्यानंतर वर्षभराने पाणी आलं.

चिपळूणच्या माणसाला तारीख सांगावी लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते, २२ जुलै २०२१. २००५च्या २६ जुलैलाही पाणी आलं होतं. त्या वेळी वडील होते, आणि ते ओट्यापाशी येऊन थांबलं होतं. आमच्या ओट्याला पाच पायऱ्या आहेत. घाटावर धुवांधार पाऊस, वाशिष्ठी फुगलेली, खाली दाभोळच्या खाडीला भरती लागली की नदीचं पाणी पुढे सरत नाही, हे गणित इथल्या लहान मुलालाही येतं. त्या पहाटे साडेपाचला आईचा फोन आला. आवाज नेहमीसारखा. “पाणी ओट्यावर आलंय. मी माडीवर चाललेय. शेजारच्या वहिनी आणि त्यांची नात पण वर आल्यात. देवाचा डबा घेतलाय. नंतर करते.” त्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचा फोन लागला नाही. ठाण्याच्या घरात मी दर दहा मिनिटांनी नंबर फिरवत होते आणि मधल्या वेळात मेथी निवडत होते. एक जुडी झाली, दुसरी घेतली. मला भीती वाटली नाही, हे आज लिहितानाही विचित्र वाटतं. छातीत धडधड नाही, घाम नाही, काटा नाही. संध्याकाळी नवरा आला तेव्हा त्याने माझ्याभोवती पाहिलं आणि काही बोलला नाही. पानं आणि देठ एकाच ढिगात होते. मी सगळी मेथी निवडली होती आणि काहीच निवडलं नव्हतं.

शाकुंतलात सुरुवातीलाच दुष्यंताच्या रथापुढे पळणारं हरीण आहे. मान वळवून वळवून मागे बघतंय, धापा टाकताना उघडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेला दर्भ वाटेवर सांडतोय. भयानक रसाचं उदाहरण म्हणून संस्कृत काव्यशास्त्रकार अभिनवगुप्ताने हेच हरीण घेतलं. कॉलेजात आम्हाला ते शिकवताना सरांनी सांगितलं होतं की इथली भीती हरणाचीही नाही आणि वाचणाऱ्याचीही नाही. ‘मी घाबरलोय’, ‘ते घाबरलंय’ असं काहीच तिथे उरत नाही. जागा, वेळ, माणूस यांच्यातून सुटलेली नुसती भीती डोळ्यांपुढे येते, म्हणून तिचा आस्वाद घेता येतो. तेव्हा मी हे परीक्षेसाठी पाठ केलं. मेथीच्या ढिगाकडे बघताना मला तो सांडलेला दर्भ आठवला, आणि कळलं की खरी भीती आतून कशी असते ते हरणाला कोणी विचारलं नव्हतं. हरणाला बहुधा काही वाटतच नसेल. ते पळत असेल. माझी भीती आली ती दोन महिन्यांनी, भाद्रपदात, वॉशिंग मशीनमध्ये पाणी भरायचा आवाज ऐकताना. रोजचा आवाज. माझे गुडघे लटपटले आणि मी बाथरूमच्या दारात खाली बसले. गोष्टीतली भीती ज्या ओळीवर यायची त्याच ओळीवर येते. खऱ्या भीतीला आपल्यापर्यंत पोचायला वाट सापडत नाही. ती उशिरा येते, भलत्याच दारातून.

त्याच परंपरेतल्या ‘साहित्यदर्पणा’त विश्वनाथाने भयानक रस स्त्रियांच्या आणि नीच प्रकृतीच्या माणसांच्या ठायी ठेवलाय. त्याचं दैवत काळ, त्याचा रंग काळा. काळ्या रंगाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण हे वाचलं की मला आमच्या माडीचा जिना दिसतो आणि राग येतो. त्या जिन्याला तेरा पायऱ्या आहेत. आई, वहिनी आणि सहा वर्षांची ती नात वरच्या टोकाला बसल्या होत्या आणि पाणी एकेक पायरी घेत होतं. आई मोठ्याने मोजत होती, का, तर पोरीला तो खेळ वाटावा. सातवी गेली, आठवी गेली. मधल्या वेळात ती पोरीला गोष्टी सांगत होती. कसल्या सांगितल्यास, असं मी नंतर विचारलं. “राक्षसाच्या,” आई म्हणाली. “तिला त्याच हव्या होत्या.” अकरावी पायरी बुडाली आणि पाणी थांबलं. रात्रभर तिथेच होतं. खाली कपाट तरंगून भिंतीवर आपटत होतं, ठक, ठक, ठक, कोणी दार वाजवावं तसं. हे एवढंच आईने मला सांगितलं. बाकी काही सांगितलं नाही. ती ‘पूर’ हा शब्दही वापरत नाही. ‘ते पाणी’ म्हणते.

चिखल काढायला आम्ही सगळे गेलो. त्याबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे आणि मला ते लिहायचं नाही. फक्त वास सांगते. नदीचा गाळ, डिझेल, कुजलेलं धान्य आणि ओला कागद यांचा मिळून एक वास होता, तो हाताच्या तळव्यांना आठवडाभर होता. गावातल्या ग्रंथालयातही पाणी शिरलं होतं. भिजलेली पुस्तकं फुगून दुप्पट होतात आणि कपाटातून निघत नाहीत, हे मी तेव्हाच पाहिलं. आमच्या घराला नवा रंग दिला. भिंतींवरची पाण्याची रेघ गेली, पण जिन्यातल्या भिंतीवर, अकराव्या पायरीशी, ती रंगाच्या दोन हातांतूनही वर आली. पुढच्या वेळी गेले तर तिथे कालनिर्णय टांगलेलं. इतकी वर्षं ते स्वयंपाकघरात दारामागे असायचं. आता एकादशी कधी आहे ते बघायला आईला अकरा पायऱ्या चढाव्या लागतात, गुडघे धरत. मी म्हटलं, खाली लावू का? ती म्हणाली, तिथे बरं आहे.

आणि पुस्तकं. आई पूर्वी कादंबऱ्या वाचायची, मोठ्या, कौटुंबिक, चार पिढ्यांच्या. त्या पाण्यानंतर ती भयकथाच आणायला लागली. एकामागून एक. मला ते कळायचं नाही, थोडा त्रासही व्हायचा. एवढं सगळं झाल्यावर हेच कशाला वाचायचं? फोनवर एकदा विचारलं तर विषय बदलला. म्हणून या वेळी ती शिवलेली पानं सापडली तेव्हा मी मनात एक अर्थ लावून मोकळी झाले. ती गोष्ट पाण्याची असणार. आईने ती वाचली असणार, सहन झाली नसणार, आणि तिने ती बंद केली. दोन दिवस मी हाच अर्थ उराशी घेऊन तिच्याकडे बघत होते, ती कुळथाचं पिठलं ढवळताना, वाती वळताना. मला तिची कीव येत होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, दिवे लागायच्या आत, मी पुस्तक तिच्यापुढे धरलं.

“हे तू शिवलंस?”

तिने चष्मा लावला. पान वाकवून बघितलं, आणि मग बोट वरच्या भागावर नेलं. “हा दोरा बघ. हा माझा नाही.” मी नीट पाहिलं. वरचे दहा-बारा टाके एकेरी होते, दोरा पिवळा पडलेला, जुना. खालचा दोरा पांढरा आणि दुहेरी. दर पाचव्या टाक्याची टीप फक्त खाली होती. “आणलं तेव्हाच शिवलेलं होतं,” आई म्हणाली. “खालून उसवलं होतं. तेवढं मी परत घातलं.”

“मग तू गोष्ट वाचली नाहीस?”

“नाही.”

“उसवलेलंच होतं तर वाचायची ना.”

“कोणीतरी कोणासाठी तरी शिवलंय. लहान मूल असेल घरात. नाहीतर कोणी आजारी असेल. आपल्याला काय ठाऊक.” तिने पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. मी जरा चिडूनच म्हटलं, की मग अशा गोष्टी आणतेस तरी कशाला. ती लगेच बोलली नाही. समई पुसत होती. वातीची काजळी काढून झाल्यावर म्हणाली, “यांत पाणी कुठवर येणार ते लिहिणाऱ्याला ठाऊक असतं.”

मी तीन दिवस तिच्याबद्दल जे ठरवलं होतं त्यातलं काहीच खरं नव्हतं. एवढी वर्षं मी भीतीच्या गोष्टी वाचते, त्यांच्याबद्दल बोलते, मैत्रिणींशी वाद घालते, आणि त्या गोष्टींकडे कोणी असंही जाऊ शकतं हे मला सुचलं नव्हतं. पन्नासाव्या पानावर अंधार झाला तरी साठाव्या पानावर पुस्तक संपणार आहे. कोणीतरी आधी हा जिना चढून गेलंय, पायऱ्या मोजल्यात आणि मग लिहिलंय. आणि सातवी गोष्ट जिने कोणी प्रथम शिवली, तिलाही बहुधा असाच कोणीतरी मोजून देणारा हवा होता, आणि त्या चौदा पृष्ठांत तो सापडला नाही. हे माझं आपलं म्हणणं. खरं काय ते त्या पिवळ्या दोऱ्याला माहीत.

मला ती गोष्ट वाचायची होती. अजूनही आहे, हे कबूल करते. रात्री आई झोपल्यावर मी बॅटरी लावून पानं वाकवून बघितली. शिवण कडेला असल्यामुळे वरून आत डोकावता येतं. अर्ध्या-अर्ध्या ओळी दिसतात. ‘दार’ दिसलं, ‘तिने परत’ दिसलं, एका जागी नुसतं उद्गारचिन्ह. आईच्या शिवणाच्या डब्यात, बिस्किटांच्या जुन्या डब्यात, लहान कात्री असते ती मला माहीत होती. मी उठून तो डबा घेतलासुद्धा. झाकण काढताना आवाज होतो म्हणून पोटाशी धरून काढलं. वरच अंगुस्तान होतं, त्याच्या टोकाला खळगे पडलेले, आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. कात्री खाली होती. मी झाकण परत लावलं.

मग पाऊस वाढला. कौलांवरचा आवाज आधी वेगळा-वेगळा येतो, मग एक होतो, मग तो आवाज आहे हेच कळेनासं होतं. मी पडून राहिले. नदीच्या बाजूने काही ऐकू येतंय का ते ऐकत होते, आणि ऐकायचं नाही असंही ठरवत होते. सुमारे दोनला आई उठली. तिने दिवा लावला नाही. बॅटरी उशाखालून काढली, दाराची कडी हळू सरकवली. ओट्यावर तिची पावलं ऐकू आली, मग थांबली. बॅटरीचा उजेड दाराच्या फटीतून एकदा आत आला, खाली गेला, बराच वेळ खालीच राहिला. मला उठून तिच्याजवळ जावंसं वाटलं आणि पाय उचलले नाहीत. कडी परत लागली. ती येऊन पलंगावर बसली, पायांचं पाणी पदराने टिपलं. मी जागी आहे हे तिला कसं कळलं कोण जाणे.

“पाचही दिसतायत,” ती म्हणाली. “झोप.”